नऊ सेंटिमीटर पाणी

पार्श्वभूमी

सिंहगड रस्त्याच्या आतल्या अंगाला, कालव्यापासून हाकेच्या अंतरावर चोवीस फ्लॅटची एक सोसायटी आहे. बांधकाम १९९८ चं, तळमजला धरून चार मजले, लिफ्ट नाही. वीस घरांत मालक राहतात, चार भाड्याने दिलेली. माणसं एकूण ८६. मी तिथेच राहतो, कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो आणि ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे त्या वर्षी सोसायटीचा खजिनदार होतो. ओळख पटू नये म्हणून फ्लॅटचे क्रमांक आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. आकडे टँकरच्या पावत्यांवरून आणि माझ्या वहीतून घेतले आहेत.

पाण्याची व्यवस्था पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीसारखीच. महापालिकेचं पाणी सकाळी दोनेक तास येतं, ते खालच्या टाकीत पडतं. वॉचमन मोटर लावून ते गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत चढवतो आणि तिथून चार लाइनी घरोघरी उतरतात. घरटी मीटर नाहीत. कोण किती वापरतं हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि म्हणूनच त्यावर प्रत्येकाचं ठाम मत असतं.

अडचण

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी सातलाच नळ कोरडे पडू लागले. आधी वाटलं, गुरुवारी पाणी बंद होतं त्याचा परिणाम असेल. शुक्रवारी 'उशिरा आणि कमी दाबाने' येतं हे पुणेकराला पाठ असतं. पण मंगळवारीही तेच झालं, तेव्हा दहा हजार लिटरचा टँकर मागवला. पुढच्या आठवड्यात दोन लागले आणि मार्चपासून आठवड्याला तीन. एका टँकरला सोळाशे रुपये पडत होते.

याच दिवसांत पेपरात रोज धरणांच्या साठ्याची चौकट यायला लागते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून क्षमता २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातलं आज किती उरलं. ती चौकट वाचून जिन्यात उतरणाऱ्या माणसाला पाणी कमी का पडतंय याचं उत्तर अर्धं मिळालेलंच असतं. उरलेल्या अर्ध्यासाठी त्याला कुणीतरी माणूस हवा असतो.

तो ३०४ मध्ये सापडला. तिथे चार मुलं राहत. दोघे लातूरकडचे, एक जळगावचा, एक नांदेडचा. दोघांची हिंजवडीला रात्रपाळी होती. कंपनीची गाडी त्यांना पहाटे तीनच्या सुमाराला गेटवर सोडायची आणि ती मुलं अंघोळ करून झोपायची. खालच्या २०४ मधल्या काकूंची झोप हलकी. पहाटे तीनला भिंतीतून येणारा पाण्याचा आवाज त्यांनी ग्रुपवर इतक्या वेळा लिहिला की तो आवाज आपणही ऐकलाय असं तळमजल्यावरच्यांनाही वाटू लागलं. सकाळी आठला चोवीस घरांत एकदम बादल्या भरतात, तेव्हाचा आवाज कुणी ऐकत नाही. त्याला आपण सकाळ म्हणतो.

डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड यांचा १९७६ चा एक प्रयोग मी दरवर्षी वर्गात शिकवतो. 'अ' गटातल्या माणसांबद्दल २६ वाक्यं दाखवली, १८ चांगल्या वागण्याची आणि ८ वाईट. 'ब' गट लहान, त्याची १३ वाक्यं, ९ चांगली आणि ४ वाईट. प्रमाण अगदी तेच. तरी वाचणाऱ्यांना 'ब' गट जास्त वाईट वाटला. संख्येने थोडे लोक आणि क्वचित दिसणारं वागणं या दोन्ही गोष्टी डोळ्यात भरतात, आणि एकत्र आल्या की मनात चिकटून बसतात. आमच्याकडे भाडेकरूंची घरं चार आणि पहाटेची अंघोळ एकाच घरात. हा प्रयोग मला तोंडपाठ आहे, आणि मार्चच्या सभेत मी इतरांबरोबर हात वर केला, हेही इथे लिहून ठेवतो.

सभेपुढचे पर्याय

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सभा झाली. सुरुवातीलाच चेअरमनकाकांनी विचारलं, "पाणी जपून कोण वापरतं?" सगळ्यांनी हात वर केले. यात कुणी खोटं बोलत नव्हतं. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालतो, वॉशिंग मशीन दिवसाआड लावतो, हे ज्याचं त्यालाच दिसतं. शेजाऱ्याचं आपल्याला फक्त ऐकू येतं. सगळ्यांच्या काटकसरीची बेरीज केली असती तर आमची टाकी ओसंडून वाहायला हवी होती.

पहिला प्रस्ताव आला तो भाडेकरूंकडून माणशी जादा पाणीपट्टी घेण्याचा. तो कायद्यात बसत नव्हता. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, पाण्याचा खर्च घरातल्या नळांची संख्या आणि आकार यांवर वाटला जातो, डोक्यांवर नाही. भाड्याने दिलेल्या घराच्या मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेता येतं, पण तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नेता येत नाही. मी हे सांगितलं तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "कायदा त्यांच्याच बाजूचा." सभेत पहिल्यांदा 'त्यांच्या' हा शब्द आला तो इथे.

दुसरा प्रस्ताव, वेळ ठरवून पाणी सोडण्याचा. सकाळी तीन तास, संध्याकाळी तीन तास, बाकी वेळ गच्चीवरचे व्हॉल्व्ह बंद. चार जणांसाठी सगळ्यांना शिक्षा का, म्हणून तो पाच मिनिटांत पडला. तो पडला हे नशीब, असं आता वाटतं. का ते पुढे येईल.

तिसरा प्रस्ताव चाचपडत आला. ३०४ चे मालक दुसऱ्या उपनगरात राहतात, त्यांना पत्र लिहून 'समज द्यावी' असा. घरटी मीटर बसवण्याची सूचना एकाने केली, पण खर्च ऐकून तोच मागे सरला. प्लंबरला बोलावून लाइनी तपासाव्यात असं एक ताई म्हणाल्या. त्यांना उत्तर मिळालं, "गळती असती तर दिसली नसती का?" त्यावर कुणीच काही बोललं नाही, त्याही बोलल्या नाहीत.

इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'भाडेकरूंच्या अतिवापरामुळे पाणीटंचाई निर्माण झाली असून संबंधित मालकांस पत्र देण्याचे सर्वानुमते ठरले.' पुढे उन्हाळाभरात चार जणांनी मला वेगवेगळं गाठून सांगितलं की त्यांना हे पटलं नव्हतं, पण बाकी सगळ्यांना पटलेलं दिसलं म्हणून ते गप्प बसले. अशा सभेत 'सर्वानुमते'चा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की प्रत्येकाने दुसऱ्याच्या गप्प बसण्याला होकार धरलं.

पत्र, आणि मिळालेला 'पुरावा'

पत्र गेलं. मालकांनी मुलांना फोन केला. मुलांनी पहाटेची अंघोळ बंद केली. टँकर तीनच राहिले. हा धोक्याचा इशारा होता, पण आम्ही तो वाचला असा: मुलं ऐकत नाहीत, आता आवाज न करता पाणी वापरतात.

मग गुढीपाडवा आला. मुलं आठवडाभर गावी गेली आणि त्या आठवड्यात एकच टँकर लागला, तोही शनिवारी. सेक्रेटरींनी ग्रुपवर लिहिलं, 'आता आणखी काय पुरावा हवा?' खाली पंधरा अंगठे, त्यात एक माझा. त्याच आठवड्यात मालकांची पाच कुटुंबं, म्हणजे सतरा माणसं, जोडून सुट्ट्या घेऊन कोकणात आणि गावाकडे गेली होती. कोण कोण गेलंय हे मला माहीत होतं. त्यातल्या दोन घरांच्या कुंड्यांना पाणी मीच घालत होतो. चार माणसं गेल्याचं आम्ही मोजलं, सतरा गेल्याचं मोजलं नाही.

पीटर वेसन यांनी १९६० मध्ये एक साधं कोडं घातलं होतं. २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात, तुम्ही आणखी त्रिकूटं विचारा आणि नियम ओळखा. बहुतेकांना 'दोन-दोनने वाढत जाणारे' असं वाटलं आणि ते ८, १०, १२ असलीच त्रिकूटं विचारत राहिले. दर वेळी 'बसतं' असं उत्तर मिळाल्यावर खात्री वाढत गेली. खरा नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, २, ३ विचारून आपला अंदाज खोटा ठरतो का हे पाहायचं फार थोड्यांना सुचलं. पाडव्याचा आठवडा हे आमचं ८, १०, १२ होतं. आमचं १, २, ३ म्हणजे 'मुलं इथे असताना आणि झोपलेली असताना टाकी उतरते का?' हा प्रश्न. तो आम्हाला सुचला नाही.

दुसऱ्या कुणाला मात्र सुचला होता. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात जिन्यात ३०४ मधला जळगावचा मुलगा भेटला. हातात दुधाची पिशवी, चपला काढता काढता म्हणाला, "काका, रात्री सगळे झोपल्यावर टाकी किती उतरते ते कुणी बघितलंय का?" मी "बघतो" म्हणालो आणि वर गेलो. तीन आठवडे काहीच बघितलं नाही. प्रश्न अगदी बरोबर होता. पण ज्याच्यावर आरोप आहे त्यानेच विचारला म्हणून तो मला बचाव वाटला. तेच वाक्य प्लंबर बोलला असता तर मी त्याच रात्री गच्चीवर गेलो असतो. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त खुपतो तो हा जिन्यातला अर्धा मिनिट.

बादल्यांचा हिशेब

शहाणपण सुचून काही मी जागा झालो नाही. मे महिन्याच्या मध्यावर ऑडिटरला द्यायला टँकरच्या पावत्या लावत होतो. एकतीस भरल्या, ४९,६०० रुपये. रक्कम पाहून सहज कागदाच्या मागे गणित मांडलं. आठवड्याला तीन टँकर म्हणजे दिवसाला साधारण चार हजार लिटरची तूट. ही सगळी तूट चार मुलं करत असतील तर प्रत्येकाने रोज हजार लिटर जादा वापरायला हवं. वीस लिटरची बादली धरली तर पन्नास बादल्या. अंघोळीच्या, कपड्यांच्या, सगळ्या नेहमीच्या बादल्यांव्यतिरिक्त पन्नास. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी १३५ लिटर हा मापदंड धरतात. त्या मापाने आणखी सात माणसांचं पाणी एकेका मुलाने दिवसाला संपवायला हवं होतं.

हे गणित चौथीच्या मुलाला जमेल. सभेत बँकेतून निवृत्त झालेले दोघे होते, एक इंजिनियर होते, मी होतो. कुणीही केलं नाही, कारण उत्तर हातात असताना गणित कोण करतं?

गच्चीवर

त्या रात्री साडेबाराला मी आणि वॉचमन गच्चीवर गेलो. संध्याकाळीच सगळ्या घरांना सांगितलं होतं की साडेबारा ते साडेचार नळ उघडू नका, लागेल तेवढं बादलीत भरून ठेवा. मोटर बंद. टाकीचं झाकण सरकवलं, आतून क्लोरीनचा वास आला. भिंतीवर खडूने रेघ मारायची असं ठरवलं होतं, पण ओल्या सिमेंटवर खडू उमटेना. शेवटी घरातून पडद्याचा ॲल्युमिनियमचा रॉड आणला, त्यावर चिकटपट्टीने शिवणाची टेप लावली आणि तो तळाला टेकवून उभा धरला. टाकी चार मीटर बाय अडीच मीटर. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की शंभर लिटर गेलं, इतका सोपा हिशेब.

साडेचारला पाणी नऊ सेंटिमीटर खाली होतं.

चार तासांत नऊशे लिटर. सगळे झोपलेले असताना, चोवीस तासांच्या हिशेबाने ५,४०० लिटर. वॉचमनने टॉर्च माझ्याकडे वळवला आणि काही न बोलता परत टाकीत वळवला.

दुसऱ्या रात्री गच्चीवरचा तिसऱ्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करून तेच केलं. आता फक्त दोन सेंटिमीटर उतरलं. पहिलाच व्हॉल्व्ह नेमका निघाला हा योगायोग. नाहीतर आणखी दोन-तीन रात्री गेल्या असत्या. तिसरी लाइन इमारतीच्या मागच्या डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या अरुंद बोळातून, उतरते. सकाळी डक्टचं दार उघडायला गेलो तर ते शेवाळ्याने घट्ट धरलेलं. आत, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, गंजलेल्या लोखंडी पाइपच्या सांध्यातून बोटभर धार भिंतीला चिकटून उतरत होती आणि आवाज न करता पावसाळी गटारात जात होती.

जिना झाडणाऱ्या मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तिथं तर दिवाळीपासनं पाणी हाय." त्यांनी आधीच्या वॉचमनला सांगितलं होतं. तो सोडून गेला. तळमजल्यावरच्या आजींनाही ओल माहीत होती, त्यांच्या न्हाणीघराची भिंत कधीच वाळत नव्हती. "एवढं सगळ्यांना दिसत असेलच की," आजी म्हणाल्या. बिब लाटाने आणि जॉन डार्ली यांच्या १९६८ च्या प्रयोगात खोलीत धूर शिरत असतो. एकटा बसलेला माणूस चारांत तीनदा उठून कळवतो, तर शेजारी दोन निवांत माणसं बसलेली असली की दहांत एकदाच. आमच्याकडे धुराच्या जागी ओल होती आणि खोलीत ८६ माणसं होती.

उरलेल्या दोन सेंटिमीटरसाठी प्लंबरने युक्ती सांगितली. प्रत्येक घरात फ्लशच्या टाकीत जिलेबीचा केशरी रंग टाकायचा आणि अर्धा तास फ्लश न करता भांड्यात बघायचं. पाच घरांत भांडं केशरी झालं. त्यातलं एक ३०४, चार मालकांची. त्या चारांत एक माझं.

निकाल

पाइपचा तो भाग बदलला, पाच फ्लशचे वॉशर बदलले. सगळा मिळून खर्च अडीच आठवड्यांच्या टँकरपेक्षा कमी आला. मेच्या शेवटच्या आठवड्यात टँकर लागला नाही, जूनमध्येही नाही.

मुलं मेअखेरीला गेली. अकरा महिन्यांचा करार संपत होता आणि पत्रामुळे कंटाळलेल्या मालकांनी तो वाढवला नाही. गळती सापडली तोवर त्यांनी धायरीत दुसरी खोली बघितली होती. टेम्पोत सामान चढवताना जळगावचा मुलगा म्हणाला, "टँकर बंद झाला ना काका?" मी "झाला" म्हणालो. त्यापुढे जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही.

सोसायटीत पुढे काय झालं हे अभ्यासाच्या दृष्टीने जास्त बोलकं आहे. जवळजवळ तीन महिने जे पटलं होतं ते नऊ सेंटिमीटरने पुसलं गेलं नाही. काही दिवस शांतता होती. मग कुणीतरी म्हणालं, "पण ३०४ चा फ्लशही गळतच होता की." माझा गळत होता याचा उल्लेख आजवर कुणी केलेला नाही. चेअरमनकाका अजूनही म्हणतात, "पाइपचं असेल, पण पोरं पाणी उधळायचीच." ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं की एका परीक्षेत तुम्हाला फार चांगलं किंवा फार वाईट जमलं, आणि नंतर उघड केलं की ते गुण आधीच ठरवलेले होते, तुमच्या उत्तरांशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरी ज्यांना 'चांगलं जमलं' असं सांगितलं होतं ते स्वतःला त्या कामात हुशारच समजत राहिले. आधार काढून घेतला तरी तोवर मनाने समजुतीला दुसरे टेकू लावलेले असतात.

सेक्रेटरींना उत्साह आला होता. घरटी मीटर बसवून दर महिन्याचा वापर आणि सरासरी फलकावर लावू म्हणाले. मी थोडं थांबवलं. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस इथे वीजवापराबाबत असं करून पाहिलं होतं, तो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजाऱ्यांची सरासरी कळल्यावर जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. सरासरीच्या शेजारी शाबासकीचं हसरं तोंड काढल्यावर ही वाढ थांबली. शिवाय फलकावर क्रमांक लागले की आमच्याकडे पुढचं ३०४ कोण हे ठरायला आठवडा पुरेसा आहे. सध्या मीटर नाहीत. महिन्यातून एका रात्री वॉचमन रॉड घेऊन गच्चीवर जातो आणि वहीत आकडा लिहितो, एवढंच.

वेगळं काय करता आलं असतं

सभेआधी मोजायला हवं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीचं काम होतं. पण मोजमाप सुचायला आधी 'आपल्याला माहीत नाही' असं म्हणावं लागतं, आणि पार्किंगमधल्या खुर्चीवर बसून ते म्हणायला जीभ रेटत नाही. आता मी विषयपत्रिकेत तक्रारीच्या विषयाखाली एक ओळ घालायला लावतो: 'हे खोटं असेल तर काय दिसेल?' लोक हसतात, पण उत्तर देतात.

हात वर करून मत घेण्याऐवजी चिठ्ठ्या घ्यायला हव्या होत्या. ते चार जण तेव्हाच दिसले असते. प्लंबर सुचवणाऱ्या ताईंना आपण एकट्या नाही हे कळलं असतं तर कदाचित त्या बोलत राहिल्या असत्या.

भाडेकरूंना सर्वसाधारण सभेत मत नाही हे खरं, पण ज्याच्याविषयी ठराव करायचा त्याला बोलावून विचारायला कुठल्याही उपविधीची मनाई नाही. मावशींनाही आम्ही विचारलं नव्हतं. इमारतीचा प्रत्येक कोपरा रोज पाहणारं तेच एक माणूस होतं.

आणि तो पडलेला प्रस्ताव, वेळ ठरवून पाणी सोडण्याचा. तो मंजूर झाला असता तर दिवसाचे अठरा तास व्हॉल्व्ह बंद राहिले असते, गळतीही तेवढा वेळ थांबली असती आणि टँकर लगेच कमी झाले असते. आम्ही एकमेकांना सांगितलं असतं, बघा, शिस्त लावली तशी पोरं ताळ्यावर आली. डक्टचं दार आजही कुणी उघडलं नसतं. चुकीच्या निदानावर लागू पडलेला उपाय मला तेव्हापासून भीतीदायक वाटतो.

इतिवृत्तातलं ते वाक्य अजून तसंच आहे. गेल्या वार्षिक सभेत मी दुरुस्तीचा ठराव मांडायला उठलो, तर चेअरमनकाका म्हणाले, "झालं गेलं, आता उकरून काय काढायचं?" आणि चहा आला. यंदाच्या सभेसाठी मी तो विषय लेखी दिला आहे. नोटिशीत तो सातव्या क्रमांकावर छापून आलाय, 'ऐनवेळच्या विषयां'च्या बरोबर वर.